निवडलं कुणी, आखलं कुणी, शिव्या कुणाला?

अमेरिकेतल्या ग्रीन बे या छोट्याशा गावात फुटबॉलचे फॅन्स वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर भांडतायत. टीम हरली की चूक नेमकी कुणाची? खेळाडू निवडणाऱ्याची, डाव आखणाऱ्याची की मैदानात उभ्या असलेल्या पोराची? भांडण त्यांचं आहे, पण ऐकण्यासारखं आपल्यासाठीही बरंच आहे.

कल्पना करा, इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचे नियम एका रात्रीत उलटे झाले. ऑप्शन फॉर्म तुम्ही भरायचाच नाही. कॉलेजंच एकेक करून पोरं निवडणार. आणि पहिली पाळी कुणाची? तर गेल्या वर्षी ज्या कॉलेजचा निकाल सगळ्यात वाईट लागला त्याची. म्हणजे मेरिट लिस्टमधला पहिला नंबर सगळ्यात शेवटच्या कॉलेजात. तुमचं मत कुणी विचारणार नाही. वर हे सगळं टीव्हीवर लाइव्ह, आणि नाव पुकारलं की लाखो लोक एकतर टाळ्या वाजवणार नाहीतर बोंब मारणार.

वेडेपणा वाटतो ना? अमेरिकेत दर एप्रिलमध्ये नेमकं हेच होतं. त्याला म्हणतात एनएफएल ड्राफ्ट.

एनएफएल म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. इथला फुटबॉल मेस्सी-रोनाल्डोचा नव्हे. हा हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू हातात घेऊन, समोरच्याला आडवं पाडत खेळायचा अमेरिकन फुटबॉल. आपल्याकडे तो फार कुणी बघत नाही. पण त्याच्या ड्राफ्टवर फॅन्स जो वाद घालतात तो ऐकलात, तर आयपीएल लिलावानंतरचा तुमचा कट्टा आठवेल.

ड्राफ्ट म्हणजे काय रे भाऊ?

लिलावात बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. एनएफएलमध्ये ३२ टीम आणि ड्राफ्टच्या ७ फेऱ्या. गेल्या सीझनला जी टीम तळाला ती पहिली, चॅम्पियन टीम शेवटची. निवडले जातात कॉलेजात खेळणारे साधारण २१ ते २३ वर्षांचे खेळाडू. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. फिलाडेल्फिया टीमचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली. श्रीमंत टीमनी दरवर्षी सगळी चांगली पोरं पळवू नयेत, हा त्यामागचा हेतू.

गंमत म्हणजे ही पाळी विकता येते. ‘माझा पहिल्या फेरीतला नंबर तू घे, मला तुझे दोन नंबर दे’ असे सौदे होतात. चक्क पुढच्या वर्षाचे, त्याच्या पुढच्या वर्षाचेही हक्क देता येतात. त्यामुळे प्रत्येक टीमच्या फॅनकडे एक ‘जर-तर’ची यादी असते. आपण त्या वर्षी थांबलो असतो तर, आपण तो नंबर विकला नसता तर!

मालक साडेपाच लाख, म्हणून वादही तेवढेच

हा वाद समजून घ्यायला ग्रीन बे पॅकर्ससारखी दुसरी टीम नाही. विस्कॉन्सिन राज्यातलं हे गाव जेमतेम १ लाख ७ हजार वस्तीचं. त्यांच्या लँबो फील्ड स्टेडियममध्ये ८१ हजारांहून जास्त माणसं बसतात. म्हणजे मॅचच्या दिवशी आख्ख्या गावाच्या तीन चतुर्थांश लोकसंख्येएवढी गर्दी एका जागी!

आणि ही टीम कुणा अब्जाधीशाची नाही. १९२३ पासून ती लोकांची आहे. आजघडीला सुमारे ५ लाख ३८ हजार भागधारक तिचे मालक आहेत. या शेअरवर लाभांश मिळत नाही, नफ्यासाठी तो विकताही येत नाही. २०२१-२२ मध्ये टीमने ३०० डॉलरला एक असे नवे शेअर काढले तेव्हा लोकांनी ते हौसेने घेतले. कशासाठी? तर भिंतीवर फ्रेम करून लावायला आणि ‘माझी टीम’ म्हणायला. दरवर्षी स्टेडियममध्ये भागधारकांची सभा होते आणि जनरल मॅनेजर तिथे उभा राहून हिशोब देतो.

आता सांगा, अशा फॅनला तुम्ही ‘तुझा काय संबंध’ असं म्हणणार कसं?

१३ पैकी १२

पॅकर्सच्या फॅन्सचं मूळ दुखणं एका आकड्यात सांगता येईल. २०१२ ते २०२३ या काळात टीमने पहिल्या फेरीत एकूण १३ खेळाडू निवडले. त्यातले १२ बचावफळीचे होते.

बारा! त्या काळातली बरीच वर्षं टीमकडे ॲरन रॉजर्ससारखा जबरदस्त क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा मेंदू, चेंडू फेकणारा. त्याच्या हाती आणखी चांगले झेल घेणारे खेळाडू, म्हणजे रिसीव्हर, द्यायचे सोडून दरवर्षी सगळा पैसा आणि पहिला नंबर डिफेन्सवर. बरं, एवढं करून डिफेन्स भक्कम झाला का? तर नेमक्या मोठ्या मॅचला तोच फुटायचा. जानेवारी २०२० मध्ये सुपर बोल एका मॅचवर असताना सॅन फ्रान्सिस्कोने पॅकर्सना ३७-२० असं धुतलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्वार्टरबॅकने त्या मॅचमध्ये फक्त ८ पास फेकले. गरजच पडली नाही. त्यांचा रहीम मोस्टर्ट चेंडू घेऊन नुसता पळत सुटला, २२० यार्ड पळाला.

इथून फॅन्सचे दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘निवडच चुकली, ही पोरं त्या लायकीची नाहीत.’ दुसरा म्हणतो, ‘पोरं ठीक आहेत, त्यांच्याकडून खेळून घेणारा चुकतोय.’ तुम्ही कुठल्या गटात? थांबा, आधी पुढची गोष्ट ऐका.

घरचा पोरगा सोडला

साल २०१७. पॅकर्सचा नंबर होता २९ वा आणि समोर टी. जे. वॉट उपलब्ध होता. विस्कॉन्सिनमध्येच वाढलेला, तिथल्याच विद्यापीठाकडून खेळलेला. म्हणजे अगदी घरचा पोरगा. पॅकर्सनी काय केलं? २९ वा नंबर क्लीव्हलँडला देऊन टाकला आणि ते मागे सरकले. लगेच ३० व्या नंबरवर पिट्सबर्गने वॉटला उचललं. पॅकर्सनी ३३ व्या नंबरवर केव्हिन किंग हा कॉर्नरबॅक घेतला. कॉर्नरबॅक म्हणजे समोरच्या रिसीव्हरच्या सावलीसारखा मागे लागणारा बचावपटू.

पुढे वॉट लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०२१ च्या सीझनमध्ये त्याने २२.५ सॅक करून त्या वेळच्या विक्रमाची बरोबरी केली. (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला लोळवणं.) आणि किंग? त्याला पहिल्याच वर्षी खांद्याची दुखापत झाली. नंतरही आज फिट, उद्या जायबंदी असंच चाललं. तो मैदानात उतरला की फॅन्सच्या डोळ्यांसमोर तो नसायचाच, वॉट असायचा. विचार करा, तुम्ही रोज ऑफिसला जाताय आणि सगळे तुमच्याकडे बघून ‘तुझ्या जागी तो दुसरा हवा होता’ असं म्हणतायत. निवडणाऱ्याने तुम्हाला निवडलं, यात तुमची चूक ती काय?

शेवटचे आठ सेकंद

२४ जानेवारी २०२१. पुन्हा सुपर बोल एका मॅचवर. समोर टँपा बे आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. हाफटाइमला ८ सेकंद बाकी, टँपा १४-१० ने पुढे. अशा वेळी शेंबडं पोरही सांगेल की मागे माणसं ठेवा, लांबचा पास होऊ देऊ नका, बाकी काय द्यायचं ते द्या.

पॅकर्सच्या डिफेन्सचे सूत्रधार होते माइक पेटिन. त्यांनी मॅन कव्हरेज लावलं. म्हणजे प्रत्येक रिसीव्हरमागे एकेक माणूस, त्याने त्यालाच धरून राहायचं. किंगच्या पाठीमागे मदतीला खोलवर कुणी नव्हतं. टँपाचा चपळ रिसीव्हर स्कॉटी मिलर किंगला मागे टाकून निघून गेला. ब्रेडीचा ३९ यार्डांचा पास, टचडाउन, घड्याळात १ सेकंद शिल्लक. पॅकर्स ती मॅच ३१-२६ अशी हरले.

त्या रात्री शिव्या कुणाला पडल्या? किंगला. तो त्या दिवशी वाईट खेळला हे खरंच आहे, आणखीही दोन प्रसंगी त्याची बाजू पडली. पण तो डाव किंगने आखला नव्हता. हेड कोच मॅट लाफ्लूर यांनीही मॅचनंतर मान्य केलं की त्या परिस्थितीत तो कॉल चुकीचा होता. पेटिन यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

आपल्या कबड्डीत बघा ना. कॉर्नरने ॲडव्हान्स टॅकल मारली आणि चढाईपटू निसटला तर मागे कव्हर असतो. कव्हरच उभा केला नाही आणि मग कॉर्नरला ‘तुझ्यामुळे हरलो’ म्हटलं, तर तो न्याय झाला का?

आणि अजून एक. तो पास फेकणारा ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला होता. म्हणजे त्याच्या आधी १९८ वेळा ‘हा नको, तो घेऊ’ असं ठरलं होतं.

पोरं तीच, निकाल वेगळा

पेटिन गेले, जो बॅरी आले. त्यांचा स्वभाव उलटा. ते झोन लावायचे. झोनमध्ये माणसामागे पळायचं नाही, आपापला पट्टा राखायचा. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सगळे फील्डर बाउंड्रीवर. चौकार जाणार नाही, पण समोरचा आरामात एकेरी-दुहेरी काढत राहणार. काही दिवस हे चालतं, पण मग बॅटर सेट होतो. डिसेंबर २०२३ मध्ये टँपा बेच्या बेकर मेफिल्डने लँबो फील्डवर येऊन क्वार्टरबॅकसाठीचं पैकीच्या पैकी रेटिंग, १५८.३, मिळवलं. पाहुण्या क्वार्टरबॅकने त्या मैदानावर असं कधीच केलं नव्हतं. फॅन्सचा संयम संपला आणि सीझन संपल्यावर बॅरीही गेले.

२०२४ साठी बॉस्टन कॉलेजचे कोच जेफ हाफ्ली यांना आणलं. त्यांनी आघाडीच्या चौघांना सांगितलं, जागा राखत बसू नका, थेट घुसा. मागच्यांना सांगितलं, नजर चेंडूवर ठेवा. त्या सीझनमध्ये डिफेन्सने प्रतिस्पर्ध्याकडून ३१ वेळा चेंडू हिसकावला. किती यार्ड दिले या हिशोबात टीम आदल्या वर्षी लीगमध्ये १७ वी होती, ती ५ वी झाली. यात बाहेरून आणलेल्या झेव्हियर मकिनीचा वाटा मोठा होता, त्याने एकट्याने ८ पास पकडले. पण बाकीची बरीचशी पोरं तीच होती, ज्यांना फॅन्स कालपर्यंत ‘वाया गेलेली निवड’ म्हणत होते.

म्हणजे दुसरा गट जिंकला? इतकं सोपं असतं तर वाद कधीच मिटला असता. हाफ्ली असतानाही टीम त्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला फिलाडेल्फियाकडून २२-१० ने हरली. त्या दिवशी डिफेन्स बरा खेळला, आक्रमण झोपलं. लगेच पहिला गट म्हणाला, ‘बघा, आम्ही सांगत होतो, रिसीव्हर घ्या रिसीव्हर!’

नाणं उडवलं तरी चाललं असतं?

आता जरा अभ्यासाचं बोलू. रिचर्ड थेलर हे नाव अर्थशास्त्रवाल्यांनी ऐकलं असेल, २०१७ चे नोबेल विजेते. त्यांनी आणि केड मॅसी यांनी मिळून एनएफएल ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणारे, एकापाठोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरायची शक्यता किती? त्यांचं उत्तर होतं, सुमारे ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०!

लक्षात घ्या, टीमकडे डझनावारी स्काउट असतात. पोराची उंची, वजन, धावायचा वेग, हाताचा पंजासुद्धा मोजतात. तरीही दोन सारख्या पोरांमधला पुढे कोण निघेल हे कळणं इतकं अवघड. थेलर-मॅसी यांचं म्हणणं असं की टीम आपल्या पारखीवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात आणि वरच्या नंबरसाठी अवाच्या सवा किंमत मोजतात.

पॅकर्सच्या जुन्या फॅन्सना हे कुणी सांगायची गरज नाही. १९८९ मध्ये त्यांनी दुसऱ्या नंबरवर टोनी मँडरिच घेतला. त्याच्यामागून तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नंबरवर गेले बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डीऑन सँडर्स. हे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचले, मँडरिच नाही. आज त्याला हसणं सोपं आहे. पण तेव्हा मँडरिचचं कौतुक करणाऱ्यांची रांग लागली होती.

याउलट २०२० ची गोष्ट. सगळं गाव ‘रिसीव्हर घ्या’ म्हणत असताना जनरल मॅनेजर ब्रायन गुटकुन्स्ट यांनी नंबर वाढवून २६ व्या जागी क्वार्टरबॅकच घेतला, जॉर्डन लव्ह. फॅन्सनी डोक्यावर हात मारला. रॉजर्स असताना हा कशाला? रॉजर्सने त्यानंतर सलग दोन वर्षं एमव्हीपी मिळवून फॅन्सच्या रागाला आणखी धार लावली. लव्ह तीन वर्षं बाकावर बसला. २०२३ मध्ये रॉजर्स गेला, लव्ह उतरला आणि पहिल्याच वर्षी टीमला प्लेऑफमध्ये घेऊन गेला. आता सांगा, ती निवड चूक की बरोबर? २०२० चं उत्तर वेगळं, २०२३ चं वेगळं.

दोन वर्षांचं भविष्य एका माणसासाठी

एप्रिल २०२५ मध्ये ड्राफ्टच ग्रीन बेला आला. तीन दिवसांत मिळून ६ लाखांची हजेरी नोंदली गेली. आणि त्या गर्दीसमोर पॅकर्सनी २३ व्या नंबरवर अखेर रिसीव्हर घेतला, मॅथ्यू गोल्डन. पहिल्या फेरीत रिसीव्हर घ्यायची वेळ २००२ नंतर पहिल्यांदाच आली होती. जो जल्लोष झाला म्हणता!

पण चारच महिन्यांनी, ऑगस्टच्या शेवटी, खरा बाँब पडला. डॅलसचा मायका पार्सन्स पॅकर्सकडे आला. २६ वर्षांचा, चार सीझनमध्ये ५२.५ सॅक. करार ४ वर्षांचा, १८ कोटी ८० लाख डॉलरचा. बदल्यात डॅलसला मिळाला अनुभवी केनी क्लार्क आणि २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षांचा पहिल्या फेरीतला नंबर.

वाद कसा रंगला असेल बघा. एक बाजू म्हणते, ५२ टक्क्यांच्या जुगारापेक्षा सिद्ध झालेला खेळाडू कधीही परवडला. तसेही आपण पहिल्या फेरीत काय दिवे लावलेत? दुसरी बाजू म्हणते, क्लार्क गेल्यावर मधली भिंत कोण धरणार? आणि हा जखमी झाला तर?

डिसेंबरमध्ये डेन्व्हरच्या मॅचमध्ये पार्सन्सच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तो सीझन त्याच्यासाठी तिथेच संपला. त्यानंतर पॅकर्स एकही मॅच जिंकले नाहीत. प्लेऑफमध्ये शिकागोविरुद्ध हाफटाइमला २१-३ असे पुढे होते, तरी ३१-२७ ने हरले.

‘आम्ही म्हणालो होतो ना!’ हे वाक्य त्यानंतर किती जणांनी म्हटलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पण नीट बघा. गुडघा फाटला म्हणून ऑगस्टमधला सौदा वाईट ठरतो का? दुखापत झाली नसती आणि टीम जिंकली असती तर तोच सौदा आपोआप शहाणपणाचा झाला असता का? निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशी समोर काय माहिती होती, यावर त्याची परीक्षा व्हायला हवी. आपण निकाल बघतो आणि मागे जाऊन निर्णयाला मार्क देतो.

आपला काय संबंध?

माझं वय २२. ड्राफ्टमध्ये आला तेव्हा केव्हिन किंगही जवळपास तेवढाच होता. या वयात आपल्यातल्या प्रत्येकाला कुणीतरी निवडतं किंवा नाकारतं. कॅम्पसला येणारी कंपनी असते, मास्टर्सचं कॉलेज असतं, स्पर्धा परीक्षेची यादी असते. निवड झाली की दुसऱ्याच दिवसापासून तुलना सुरू. शेजारच्याला पॅकेज किती, त्या बॅचचा तो कुठे पोचला. पहिल्या वर्षी जमलं नाही की शिक्का तयार असतो. तुम्हाला नेमलं कशासाठी, शिकवलं कुणी, मागे आधाराला कुणी उभं होतं का, हे फारसं कुणी विचारत नाही.

म्हणून फॅन्सनी वाद घालू नये असं अजिबात नाही. ग्रीन बेच्या फॅन्सनी आवाज केला नसता तर डिफेन्सच्या आखणीवर एवढी चर्चाच झाली नसती. वाद भरपूर घाला. फक्त नाव घेण्याआधी निवड, आखणी आणि खेळ या तीन गोष्टी वेगळ्या करा. पुढच्या आयपीएलला एखाद्या पोराला शेवटच्या ओव्हरमध्ये तीन सिक्स बसले, तर त्याला ट्रोल करण्याआधी एवढं तरी विचारा की त्याच्या हातात त्या वेळी चेंडू दिला कुणी आणि फील्ड लावली कुणी.

आणि जमलं तर एकदा हा ड्राफ्ट बघाच. पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते. चहाचा कप घेऊन बसा. नाव पुकारलं की पाच मिनिटांत कुणी त्या पोराला ‘ए’ ग्रेड देईल, कुणी ‘डी’. त्याने अजून एकही मॅच खेळलेली नसेल. तुम्ही ग्रेड द्यायला तीन वर्षं थांबा.